एकेचाळिसाव्या किलोमीटरचा पूल

पडद्यावर पूल आला आणि माझं बिस्कीट मोडून चहात पडलं. झालं ते एवढंच. समन्वय समितीच्या अकराव्या बैठकीत, त्या लांबलचक टेबलाच्या आमच्या बाजूला, म्हणजे राज्याच्या बांधकाम खात्याच्या बाजूला, कुणाचं तिकडे लक्षही गेलं नाही. समोर केंद्राच्या रस्ते प्राधिकरणाची माणसं ओळीनं बसली होती. त्यांच्या मॅडम उभ्या राहून, लाल ठिपका पाडणारं ते पेन पुलावर फिरवत सांगत होत्या, ‘‘आपल्या सहकार्याचं हे सगळ्यात चांगलं उदाहरण. राज्यानं मागणी केली, केंद्रानं चौदा महिन्यांत पादचारी पूल उभा केला. एकेचाळिसावा किलोमीटर.’’ पूल देखणा होता, यात वाद नाही. निळा रंग, दोन्हीकडे रुंद जिने, वर पत्रा. फक्त त्याच्यावर माणूस नव्हता. एका बाजूला गोदामाची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला ओसाड माळ. या भिंतीपासून त्या माळावर कोण कशाला जाईल, असं या खोलीतल्या बत्तीस माणसांपैकी एकालाही वाटू नये? नाही वाटलं. माझ्या शेजारी आमचे मुख्य अभियंता बसले होते. खात्यात त्यांना सगळे फूटपट्टी म्हणतात, कारण ते फाईल वाचताना प्रत्येक ओळीखाली पट्टी धरतात. त्यांनी कौतुकानं मान डोलावली आणि माझ्या गुडघ्यावर थाप मारली. ‘‘तुमचाच प्रस्ताव ना हो हा?’’ मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? चमच्यानं मी बिस्किटाचा लगदा शोधत राहिलो.

माझाच प्रस्ताव. आणि माझीच चूक. हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं आणि आठ महिने मी ते पोटात घेऊन हिंडत होतो. चूक एवढी क्षुल्लक की सांगताना हसू यावं. रस्ता एकच आहे, पण तो मोजतात दोघं. आमचं खातं शहरातल्या जुन्या पोस्टापासून मोजतं, कारण शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी तिथून मोजायला सुरुवात केली. प्राधिकरण मोजतं ते शहराबाहेरच्या वळणरस्त्याच्या फाट्यापासून, कारण तिथून पुढे रस्ता त्यांच्या ताब्यात आहे. दोन शून्यांमध्ये अंतर दोन किलोमीटर चारशे मीटर. म्हणजे आमचा एकेचाळीस तो त्यांचा अडतीस पूर्णांक सहा. रस्त्याच्या कडेला दगडही दोन-दोन आहेत, आमचा पिवळा, त्यांचा हिरवा. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, कुणीतरी वेडा आहे. आमच्या खात्यात एकेचाळीस म्हटलं की शिपायालासुद्धा कळतं, शाळेचा चौक. जन्मभर आम्ही असंच लिहीत आलो. कुठून मोजायचं ते कुणी लिहितं का? आपल्या घराचा पत्ता सांगताना कुणी देश सांगत नाही. पण मागणीच्या पत्रासाठी प्राधिकरणाचा छापील अर्ज वेगळा, त्यात बारीक चौकट होती, ‘आरंभबिंदू’. आणि मी तिच्यात काय लिहिलं? निरंक. बत्तीस वर्षांत हाताला लागलेली खोड. चौकट रिकामी राहिली तर अर्ज परत येतो, म्हणून ज्या चौकटीचा अर्थ लागत नाही तिच्यात निरंक लिहायचं आणि पुढे जायचं. डोकं चालायच्या आधी हात लिहून मोकळा होतो.

तरीही निभावलं असतं. पाया खणण्याआधी दोन्ही खात्यांनी जागेवर जाऊन संयुक्त पाहणी करायची असते, ती नेमकी अशा चुकांसाठीच. पाहणीच्या दिवशी त्यांचा माणूस कागद घेऊन माझ्याच खोलीत आला. बाहेर ऊन असं की डांबर मऊ पडलेलं, माझ्या टेबलावर सतरा फायली. तो म्हणाला, ‘‘साहेब, जागा तर तुमचीच आहे, तुम्ही काय बघायचं नव्यानं?’’ मलाही ते पटलं, मी काय बघायचं! वर्षानुवर्षं त्या चौकात माझं येणंजाणं. ‘प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहणी केली व जागा योग्य असल्याची खात्री केली,’ या ओळीखाली पंख्याच्या वाऱ्यात कागद उडू नये म्हणून डाव्या हातानं दाबून धरत मी सही ठोकली. तोही खूश, मीही खूश. दोघांनी मिळून सरबत मागवलं.

त्या चौकातल्या शाळेत माझी ताई शिकवते. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सरकारी नोकरी असती तर केव्हाच घरी बसली असती, पण शाळा खाजगी आहे आणि गणिताला दुसरं कुणी टिकत नाही, म्हणून अजून जाते. तिचं घर रस्त्याच्या अलीकडे, शाळा पलीकडे. रोज दोनदा ती सहा पदरी रस्ता पायी ओलांडते. पूल व्हावा म्हणून तिनंच माझं डोकं खाल्लं होतं. ‘‘अरे, जगाचे रस्ते करतोस, बहिणीला एक ओलांडून दे की.’’ मंजुरी आली तेव्हा तिनं शाळेत पेढे नाहीत पण खडू वाटले, वर्गावर्गात जाऊन, नव्या रंगीत खडूंचा एकेक डबा. माझा भाऊ पूल करतोय. ताईचा हा स्वभावच आहे. माझ्या पहिल्या रस्त्याचं काम चालू होतं तेव्हा ती डबा घेऊन तीन तासांचा प्रवास करून आली होती. रोलरच्या मागे मागे चालली, चपला डांबराला चिकटल्या तर काढून हातात घेतल्या, आणि तिथल्या बायकांना सांगत सुटली, हा माझ्या धाकट्याचा रस्ता. मी लाजेनं अर्धमेला. मला आतासं वाटतं की त्या दिवशी मी जेवढा मोठा होतो तेवढा पुन्हा कधी झालो नाही. पुढे बढत्या झाल्या, गाडी मिळाली, बाहेर पाटी लागली. पण कुणाच्या तरी डोळ्यांत आपण रस्ता करणारा माणूस असतो, ही गोष्ट एकदाच मिळते आणि मग ती सांभाळत बसावं लागतं.

आठ महिन्यांपूर्वी तिचा फोन आला. ‘‘काय रे, पूल झाला म्हणून पेपरात फोटो आलाय. मग आमच्या चौकातनं तो दिसत का नाही? माझा चष्मा बदलू की पूल?’’ ती हसत होती. मी फाईल काढली. निरंक वाचलं आणि खुर्चीचे हात धरून बसलो. संध्याकाळी तिला सांगितलं, ‘‘केंद्रवाल्यांनी घोळ घातलाय, ताई. त्यांचं मोजमापच वेगळं.’’ खोटं बोललो का? मोजमाप वेगळं, हे खरंच आहे. ताईनं केंद्रवाल्यांच्या नावानं बोटं मोडली आणि म्हणाली, ‘‘तू लिही त्यांना. तुझं ऐकतील.’’ मी लिहीन म्हणालो. लिहायचं तर माझंच पत्र सोबत जोडायला लागणार होतं. लिहिलं नाही.

आणि मग मागच्या महिन्यात शाळेतल्या मावशी गेल्या. घंटा देणाऱ्या, पाणी भरणाऱ्या, ताईच्या बरोबरीनं वीस वर्षं तो रस्ता ओलांडणाऱ्या मावशी. शाळा सुटल्यावर सव्वाचारला दुभाजकावरून खाली उतरल्या आणि टँकरखाली आल्या. त्या दिवशी ताई आजारी म्हणून घरी होती. नाहीतर दोघी हातात हात घालूनच जायच्या. हे ताईनं मला फोनवर तीनदा सांगितलं, त्याच शब्दांत, नाहीतर आम्ही हातात हात घालून जातो. त्यांच्या घरी भेटायला मी ताईबरोबर गेलो. एका खोलीचं घर, भिंतीला टेकून बसलेली लेक. मला खुर्ची दिली. आख्ख्या घरात एकच खुर्ची होती आणि तिच्यावर मी बसलो होतो. तिथून आल्यापासून मला झोप लागते पण पुरत नाही, जेवण जातं पण चव लागत नाही. बायको म्हणते, रक्तदाब तपासा. तपासला. उत्तम आहे. शरीर कसलं बेइमान असतं बघा.

आज सकाळी निघताना ताईनं फोन केला होता. ‘‘आज बैठक ना तुझी? बोल हं आज. मूग गिळून बसू नकोस त्यांच्यासमोर. चार वाजता शाळा सुटली की मी थांबते, येता येता मला सांगून जा.’’ तिला कुणी सांगितलं असेल बैठकीचं? मीच. गेल्या रविवारी, शौर्य गाजवत. आजच्या बैठकीत एकत्रित रस्ते वाहतूक धोरण मंजूर व्हायचं होतं, आणि धोरणाच्या शेवटी जोडायची होती पूर्ण झालेल्या कामांची यादी. यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या की त्या जागांचा प्रश्न संपला. कायमचा. त्यात अनुक्रमांक सोळा, किलोमीटर एकेचाळीस, म्हणजे आमच्या लेखी शाळेचा चौक, पादचारी पूल, पूर्ण. म्हणजे आज सही झाली की कागदोपत्री ताई पुलावरून जाणार होती. मी आठ महिने उद्यावर ढकलत आणलेली गोष्ट आता पाच पानांवर आली होती. मॅडम अनुक्रमांक वाचत होत्या. नऊ. दहा. माझ्या मनात चाललेला जमाखर्च काय सांगू! निवृत्तीला अकरा महिने. चौकशी लागेल. न जाता पाहणीची सही केली, हे उघड होईल. होऊ दे. खात्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. न राहो. हे सगळं मी मनातल्या मनात सहज सोडून देत होतो आणि तरीही जीभ टाळूला चिकटलेली. कारण मला भीती चौकशीची नव्हतीच. चौकशी झाली की ताईला कळणार, ही होती. चौदा. पंधरा. टेबलाखाली माझे पाय शेजारच्याच्या पायांना लागू नयेत म्हणून मी ते खुर्चीखाली मुडपून घेतले होते, त्यांना मुंग्या आल्या. उठून बाहेर जावं तर दार पडद्याच्या पलीकडे, म्हणजे त्या पुलाच्या फोटोतून जावं लागणार. ‘‘सोळा,’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘तो पूल चुकीच्या जागी आहे,’’ मी म्हणालो.

माझा आवाज मलाच परका वाटला. एकतीस माना वळल्या. फूटपट्टींनी मला कोपरानं ढोसलं. पण एकदा बोललो ते बोललो. मी सगळं सांगितलं. दोन शून्यं, चौकट, निरंक. सरबतसुद्धा सांगितलं, कशाला कोण जाणे. ‘‘चूक प्राधिकरणाची नाही. पत्र माझं आहे, पाहणी मी केलेली नाही. मागच्या महिन्यात तिथं एक बाई गेली. यादीतून सोळा क्रमांक काढा आणि पूल शाळेपाशी मंजूर करा. माझ्यावर जी काय कारवाई व्हायची ती होऊ दे.’’ बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं, खरंच वाटलं. वर्गात उभं राहून उत्तर दिल्यासारखं. आता भांडण होईल, आरडाओरडा होईल, कुणीतरी टेबलावर मूठ आपटेल, याची मी जवळजवळ आनंदानं वाट पाहत होतो.

मॅडम चिडल्या नाहीत. उलट त्यांचा चेहरा काळजीनं मऊ झाला. ही बाई वाईट नाही, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. त्या म्हणाल्या, ‘‘सर, तुम्ही इतके दिवस हे मनाला लावून घेतलंत? अहो, असे अठ्ठावन्न घोळ निघालेत आमच्याकडे. म्हणून तर धोरणात सातवं कलम घातलंय. एक रस्ता, एक शून्य. पुढच्या महिन्यापासून राज्यानं आमचं शून्य स्वीकारलंय, आणि जुने सगळे कागदही त्याच शून्यावरून वाचले जातील. तुमचं पत्रसुद्धा.’’ त्यांनी लाल ठिपका पुन्हा पुलावर नेला. ‘‘तुमच्या पत्रात एकेचाळीस आहे. पूल एकेचाळीसवर आहे. तुमची चूक झालेलीच नाही.’’

फूटपट्टींनी एवढा मोठा हुश्श केला की समोरचे दोघं हसले. ‘‘सुटलात की हो!’’ ते माझ्या कानात म्हणाले. ‘‘उगाच जीव काढलात सगळ्यांचा.’’

‘‘पण शाळा एकेचाळीसवर नाही ना,’’ मी म्हणालो. ‘‘शाळा अडतीस पूर्णांक सहावर गेली.’’

‘‘बरोबर. तिथली मागणीच आमच्याकडे नोंदलेली नाही. तुम्ही नवी करा ना, अवश्य करा.’’ मग त्यांनीच पान उलटलं, बोट फिरवलं आणि त्या थोड्या थांबल्या. ‘‘फक्त अकराव्या कलमाप्रमाणे पाच किलोमीटरच्या आत दुसरा पादचारी पूल देता येत नाही. हे कलम राज्याकडूनच सुचवलेलं दिसतंय.’’ दिसतंय म्हणजे काय, तिसऱ्या बैठकीत मीच सुचवलं होतं. केंद्रानं पुलांची खिरापत वाटून श्रेय लाटू नये म्हणून. तेव्हा आमच्या बाजूनं टेबलं वाजवली होती. आता सगळ्यांनी आपापली पानं उलटली. समितीच्या टिपणिसानं विचारलं, ‘‘इतिवृत्तात काय घेऊ?’’ आणि मॅडमनी सांगितलं, ‘‘सदस्यांनी उपस्थित केलेल्या मुद्द्याचं समाधान झालं.’’ मी म्हणालो, माझं समाधान झालेलं नाही. फूटपट्टी मागं वळून कुणाला तरी म्हणाले, त्यांच्यासाठी पाणी मागवा. पाणी आलं. सगळे माझ्याकडे इतक्या आपुलकीनं बघत होते की मला ओरडताही येईना. ज्या माणसाला कुणी अडवतच नाही, त्यानं धडक तरी कशावर मारावी? कबुली दिली तर ती कुणी घेईना. सहीची वही फिरत फिरत माझ्यासमोर आली, माझ्या नावापुढे फुली मारून ठेवलेली, आणि एकतीस माणसं जेवायची थांबलेली. हाताला सवय आहे हो. हातानं सही केली.

साडेचारला शाळेच्या चौकात पोचलो. ड्रायव्हरला गाडी अलीकडे लावायला सांगितली. नेहमी आम्ही दोन किलोमीटर पुढे जाऊन वळसा घालून शाळेच्या दारात जातो, म्हणजे या रस्त्यावर मी जन्मात शेकडो वेळा आलो असेन पण पायी तो ओलांडला कधीच नव्हता. आज उतरलो. पलीकडे फाटकाशी ताई दिसली, खांद्याला पिशवी, हात उंच करून मला थांब म्हणत होती. मी थांबलो नाही. एक ट्रक गेला, त्याच्या मागे जरा मोकळं दिसलं, तसा निघालो. मोजायला शिकलेला माणूस मी, वेग, अंतर, वेळ, सगळं चुकलं. कुठूनशी एक गाडी हॉर्न ठोकत आली आणि मी कसाबसा दुभाजकावर चढलो. दुभाजक अडीच फूट रुंद. आमचंच माप. दोन्हीकडून गाड्या, वाऱ्यानं शर्ट फडफडतोय, पायाखालचा दगड थरथरतोय. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. तेवढ्यात ताई आली. कशी आली कळलंही नाही, तिचं पाऊल ना घाईचं ना भीतीचं. माझ्याजवळ चढली आणि धापा टाकत हसली. ‘‘वेडा आहेस का? थांब म्हटलं ना. बरं, बोललास का?’’

‘‘बोललो.’’

‘‘मग? काय म्हणाले?’’

‘‘चूक झालेलीच नाही म्हणाले.’’

‘‘कोडगे मेले!’’ ताई म्हणाली. ‘‘स्वतःची चूक कोण कबूल करतंय!’’

इथं मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. सगळं जमून आलं होतं. पण त्या खोलीत कुणी घेतलं नव्हतं ते माझ्या तोंडात तसंच राहिलं होतं. ‘‘त्यांची नव्हतीच ताई, माझी होती. पत्र मी चुकीचं लिहिलं. जागा बघायला मी गेलोच नव्हतो. खोलीत बसून सही केली. आठ महिने ठाऊक आहे मला.’’ गाड्यांच्या आवाजात मला हे ओरडून सांगावं लागलं. असल्या गोष्टी ओरडून सांगायच्या नसतात.

ताईनं माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. पोरानं पाटीवर काहीतरी भलतंच उत्तर काढलं की ती बघते तशी बघत होती, कुठं चुकलं ते शोधत. मग म्हणाली, ‘‘मावशींच्या घरी तू त्यांच्या लेकीला काय सांगितलंस?’’

मी गाडीपाशी उभ्या ड्रायव्हरकडे बघितलं.

‘‘केंद्राचं काम आहे, आमच्या हातात काही नाही, म्हणालास. तिनं हात जोडले तुला. आलात तरी, म्हणाली.’’

‘‘ताई...’’

‘‘मी तिथं बसले होते. मी तिला म्हटलं, माझा भाऊ आहे, तो बघेल.’’

ताईला माझ्यापासून लांब व्हायचं होतं आणि लांब व्हायला जागा नव्हती. अडीच फुटांत आम्ही दोघं खांद्याला खांदा लावून उभे, ती एकीकडच्या गाड्या बघतेय, मी दुसरीकडच्या. ड्रायव्हर अलीकडून हात हलवत होता. मग माझ्या बाजूच्या रस्त्यावर मोकळी जागा पडली, घराच्या बाजूला, चांगली मोठी. ‘‘ताई, चल,’’ मी म्हणालो आणि हात पुढे केला. ती त्या बाजूला वळलीसुद्धा नाही. तिच्या पुढ्यातल्या गाड्यांमध्ये फट पडली तशी ती खाली उतरली आणि परत शाळेकडे गेली.

शाळेला कुलूप लागलं होतं. फाटकाशी जाऊन ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिचं घर अलीकडे होतं, म्हणजे आज तिला हा रस्ता पुन्हा एकदा ओलांडावा लागणार होता.